मामाचं ‘असू दे’

आमच्या मामाची नक्कल करणं सगळ्यात सोपं. चष्मा कपाळावर सरकवायचा, नाकातून थोडा श्वास सोडायचा आणि म्हणायचं, ‘असू दे.’ मोडकी छत्री टाकायला काढा, नाहीतर मेलेला चार्जर, त्याचं आपलं तेच.

मामा रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सर्व्हर सांभाळतो. मामी तिथेच काउंटरवर होती. बाकांवर ताटकळणाऱ्यांसाठी स्पीकरवर तिचाच रेकॉर्ड केलेला आवाज लागायचा: ‘जरा थांबा हं, येतोय तुमचा रिपोर्ट.’ त्या ‘हं’वर चिडलेली माणसंसुद्धा निमूट बसायची. मामी गेली आणि पुढे लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी नवं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात आयता आवाज होता, फ्रिजमधून काढल्यासारखा.

बदल करण्याआधी मामाने डिस्कचा स्नॅपशॉट घेतला, म्हणजे काही बिघडलंच तर मागे फिरता यावं. काही बिघडलं नाही. आता तो काढून टाकायचा, तर त्यात मामीचा आवाज. असू दे. मग हाताला सवयच लागली. प्रत्येक बदलाआधी एक नवा स्नॅपशॉट, आणि तोही असू दे.

स्नॅपशॉट म्हणजे आख्खी प्रत नव्हे, हे त्यानेच मला समजावलं होतं. बाजूला थोडी जागा राखायची. मूळ डिस्कवर नवं लिहायची वेळ आली की आधी तिथलं जुनं उचलून त्या जागेत ठेवायचं, मगच नवं लिहायचं. एकाचं चालून जातं. पाच-सहा साठले की प्रत्येकासाठी वेगळी उचलाठेव. पाहुणा दारात उभा आणि घरातले सगळे गाद्या हलवतायत, तशातली गत.

रिपोर्ट रखडायला लागले. काउंटरवरच्या नव्या ताई मामाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या की बाकावरचे हे काका रक्त द्यायला आले तेव्हा केस काळे होते त्यांचे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आजच्या आज काय तो केरवारा करा, नाहीतर मी दुसरा माणूस बघते.

मामाने ठरवलं, बाकीचे काढायचे, मामीचा तेवढा ठेवायचा. आधी तोच उघडायला गेला. उघडेना. त्याची बाजूची जागा राखली होती दोन-चार दिवसांपुरती. ती केव्हाच भरली होती, आणि भरली की आख्खा स्नॅपशॉट निकामी होतो. मामाला हे ठाऊक होतं. त्याने परत कधी बघितलंच नव्हतं. मूळ डिस्कवरून तो आवाज पुसला गेला होता, जुन्या बॅकअपांवर नवे चढले होते.

त्याने सगळेच काढले. मशीन पळायला लागलं. ताईंनी म्हणे स्वतःहून चहा पाजला.

संध्याकाळी तो आमच्याकडे आला. आई म्हणाली, अरे, एवढीशी फाइल, पेनड्राइव्हवर का नाही घेतलीस? मामा कपाची कड अंगठ्याने पुसत राहिला.

‘घेतली असती तर वाजवून बघावी लागली असती ना,’ तो म्हणाला. ‘नीट आलीय का ते.’

मग माझ्याकडे वळला. ‘तू सगळ्यांच्या नकला करतेस. तिची येते का गं?’

येत होती. मामीसमोरच बसवली होती, ती हसून हसून खुर्ची धरायची. मी मान जराशी कलती केली.

‘जरा थांबा हं...’

आवाज हुबेहूब लागला.

मामाने कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

‘असू दे,’ तो म्हणाला, आणि हातानेच पुरे अशी खूण केली.