माझे साडू आणि रविवारची फेरी

वाशीम जिल्ह्यातल्या प्रत्येक दगडाशी, झाडाशी आणि ओढ्याशी जातीनं ओळख असलेला एकच माणूस आज हयात आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी अभिमानानं सांगतो की तक्रारीच्या सुरात, ते तुम्ही मला कोणत्या वारी विचारता यावर अवलंबून आहे. सोमवार ते शनिवार मला त्यांचा अभिमानच वाटतो. रविवारी पहाटे साडेपाचला फोन वाजतो आणि पलीकडून "मास्तर, उठले का? पिंपळाले कवळे पानं फुटून राह्यले!" असा आवाज येतो, तेव्हा मात्र वाटतं, बायकोच्या बहिणीचं लग्न जुळत होतं त्या वेळी सासरच्यांनी आणखी थोडी चौकशी करायला हवी होती.

साडूंना मी भाऊजी म्हणतो. ते एसटीत कंडक्टर होते. तीसेक वर्षं ते गाडीच्या खिडकीतून हा जिल्हा बघत होते आणि जिथं उतरावंसं वाटे तिथं नेमकी गाडी थांबत नसे. ही सगळी तुंबलेली हौस ते निवृत्त झाल्यावर एकदम बाहेर आली. महिनाभरात त्यांनी वर्ग काढला. दर रविवारी सकाळी जिल्ह्यातल्या एका जागी जमायचं आणि तिथली झाडं, पाखरं, देवळं, पडक्या भिंती, जुन्या वाटा, जे दिसेल ते शिकायचं. फी नाही, हजेरी नाही, वयाची अट नाही. वर्गाचं पहिलं नाव त्यांनी 'उघड्यावरचा वर्ग' असं ठेवलं होतं. तसा फलक त्यांनी बाजाराच्या चौकात लावला आणि भाजी घ्यायला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसत का पुढं जातात, हे त्यांना दोन दिवस कळलं नाही. कळल्यावर ते स्वतःच इतके हसले की फलक उतरवताना शिडीवरून पडता पडता वाचले. मग नाव झालं 'रविवारची फेरी'.

कंडक्टरकी त्यांच्या अंगातून गेलेली नाही. मेडशीच्या जंगलात, जिथं माणसाला माणूस सापडायची मारामार, तिथं हे आम्हा वीस जणांना ओरडून सांगतात, "समोर सरका, समोर सरका! मधात लय जागा हाये!" एखाद्या झाडापाशी बोलून झालं की झाडाच्या खोडावर दोनदा टकटक करतात, म्हणजे फेरी पुढं निघाली. मोठ्या झाडांना ते 'तुमी' म्हणतात. एकदा एका अर्जुनवृक्षापुढं उभं राहून "तुमी पाह्यलेले असन सारे, आमाले काय मालूम?" असं ते इतक्या अदबीनं म्हणाले, की आमच्यातल्या एका शिंपीदादांनी नकळत टोपी काढली. माझी मेहुणी एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "लग्नाले इतके वर्षं झाले, पन यायनं वारुळाकडे पाहावं तसं मायाकडे कधी पाह्यलं नाई." त्यावर भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "वारुळात रोज काहीतरी नवीन असते वं."

मेडशीचीच गोष्ट. तिथं मोकळ्या रानात क्रिकेटचे सामने ठरले होते आणि नेमक्या त्याच रानात टिटवीनं चार अंडी घातली. टिटवी घरटं करत नाही. चार खडे गोळा करते आणि त्यांत खड्यांसारखीच दिसणारी अंडी ठेवून देते. भाऊजींना आदल्या रविवारी ती दिसली होती. सामन्याच्या सकाळी ते खेळपट्टीवर जाऊन दोन्ही कप्तानांच्या मध्ये उभे राहिले. वाद बराच झाला. "एका पाखरासाठी स्पर्धा रद्द करावं का काका?" असं एकानं विचारलं. "रद्द कायले? नियम करा नं!" भाऊजी म्हणाले. शेवटी चुन्याच्या फक्कीनं अंड्यांभोवती रिंगण आखलं गेलं. चेंडू रिंगणात गेला की दोन धावा, आणि आत कोणी पाय ठेवायचा नाही. तीन दिवस सामने झाले. त्या बाजूला उभा राहणारा प्रत्येक क्षेत्ररक्षक डोक्यावर हेल्मेट घालून उभा असायचा, कारण टिटवीला नियम मान्य नव्हते आणि ती दर षटकाला निदान एकदा त्याच्यावर झेप घ्यायची. अंतिम सामन्याच्या वेळी पिल्लं बाहेर आली आणि खेळ थांबवून दोन्ही संघ रिंगणाभोवती उकिडवे बसले. त्या दिवशी कोण जिंकलं ते आता कोणालाच आठवत नाही.

भाऊजींचा सगळ्यात विलक्षण गुण म्हणजे त्यांना चुकायला आवडतं. धनजकडे एका घरामागं आडवा पडलेला दगड बघून त्यांनी पाऊण तास आम्हाला सांगितलं की हा वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या शूराच्या आठवणीचा दगड. ही बघा घोड्याची मान, ही तलवार. आम्हाला सगळं दिसूही लागलं. तेवढ्यात त्या घरातली म्हातारी बाहेर आली. "काय पाहून राह्यले बाप्पा? थो दगड माया सासऱ्यानं आनला व्हता, बैलं बांधाले. आन् थे रेघा दोराच्या हायेत." दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. भाऊजी आनंदानं जवळजवळ उडालेच. "वा! म्हंजे आपन चुकलो! लिहून घ्या, मास्तर, लिहून घ्या!" आणि दोरानं दगडाला इतक्या खोल रेघा पडायला किती वर्षं लागली असतील, यावर त्यांनी त्याच उत्साहानं आणखी पाऊण तास घेतला.

पण हा माणूस एका दिवशी गप्प झाला होता, आणि तीच हकीगत मला मुख्यतः सांगायची आहे.

रिठदच्या रस्त्याला एक लहानशी वस्ती आहे. तिच्या कडेला जुनी बारव होती. बारव म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येईल अशी बांधीव विहीर. होती म्हणायचं, कारण वरून बघितलं तर फक्त बेशरमाची झुडपं आणि कचरा दिसायचा. भाऊजींनी नोकरीत असताना या बारवेची महती हजारो प्रवाशांना तिकिटासोबत फुकट ऐकवली होती. एके दिवशी तिच्यात एक वासरू पडलं. ते कसंबसं वाचलं, पण गावानं ठरवलं की मुरूम टाकून ती बुजवून टाकायची. बातमी कळताच भाऊजी मला मोटारसायकलवर घालून तिथं घेऊन गेले.

"उद्या लेकरू पडलं त जिम्मेदारी कोनाची?" सरपंचानं विचारलं. त्याचंही चुकीचं नव्हतं.

"मले दोन रविवार द्या," भाऊजी म्हणाले. "त्याच्यानंतर तुमाले बुजवावं वाटलं त मी सोता पयलं टोपलं टाकतो."

पहिल्या रविवारी आम्ही वीस-पंचवीस जण पावडी, विळे, घमेली घेऊन हजर झालो. वाशीमच्या कडेला भाजीचा मळा करणारे आमच्यातले नामदेवराव टमाट्याचे रिकामे क्रेट गाडी भरून घेऊन आले, आणि कचरा काढायला त्याहून सोयीची वस्तू नाही हे त्या दिवशी आम्हाला कळलं. मी गणिताचा मास्तर. जन्मात पावडं धरलं नव्हतं, पण दहा वाजेपर्यंत अंगात वारं शिरल्यासारखा उपसत होतो. पहिली पायरी मोकळी झाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी झाली, तिसरी झाली. चौथीच्या बाजूला दिव्याचा कोनाडा निघाला आणि त्याच्या वर कोरलेलं कमळ. मग तर कोणी पाणी प्यायलासुद्धा थांबेना. गावातली माणसं आधी लांबून बघत होती, ती काठावर आली, मग त्यांच्यातल्या दोघांनी धोतरं खोचली आणि ते क्रेट ओढायला लागले. दुपारपर्यंत सात पायऱ्या मोकळ्या झाल्या.

भाऊजी पहिल्या पायरीशी उभे राहिले. चेहरा धुळीनं माखलेला, डोळे चमकत होते. "पाहा!" ते ओरडले. "यायच पायऱ्याइवरून अख्खं गाव पान्याले उतरत होतं! अख्खं गाव!"

"अख्खं नाई, भाऊ."

बोलणाऱ्या कौसाबाई होत्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, दोन वर्षं एकही रविवार न चुकवणाऱ्या, पण कधी फारसं न बोलणाऱ्या. हातातलं घमेलं त्यांनी खाली ठेवलं.

"मायी आजी याच गावची," त्या म्हणाल्या. "तिले या पायरीवर पाय ठेवू देत नव्हते. घागर घेऊन तिथं वरतं उभी राहे, त्या लिंबापाशी. कोनाले दया आली त थो वरून पानी टाके. कधी कधी दुपार होऊन जाय. बाबासाहेबायच्या मांगं आमी धम्म घेतला, त्याच्यानंतर तिनं आपल्या मोहल्ल्यात हिर खंदली, पन हे बारव तिनं आतून कधी पाह्यली नाई."

काठावरची गावची माणसं जमिनीकडे बघत होती. आणि भाऊजी, ज्यांना मी दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घेतानाही फार पाहिलं नव्हतं, ते तसेच उभे राहिले.

"बाई," बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "इतके वर्षं मी लोकायले या बारवेचं सांगून राह्यलो. हे मले मालूम पाह्यजे होतं."

"मालूम त साऱ्याइलेच होतं, भाऊ. बोलत कोनी नव्हतं."

भाऊजी पायरीवरून बाजूला झाले. "उतरता का?"

"उतरतो नं. त्याच्यासाठीच त सकाळपासून घमेले उचलून राह्यली मी."

कौसाबाईंनी चपला काढल्या नाहीत. लुगड्याचा ओचा खोचला आणि एकेक पायरी उतरल्या, सातही. मागोमाग आम्ही, आणि सगळ्यात शेवटी भाऊजी. रविवारच्या फेरीत ते मागं चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. खाली अजून गाळच होता. कौसाबाई वाकल्या, ओल्या भिंतीला त्यांनी तळवा लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग वर बघून म्हणाल्या, "थंडगार हाये. या, हात लावून पाहा." सरपंच काठावर उभा होता. तो खाली आला. भिंतीला हात लावून कौसाबाईंच्या शेजारी नुसता उभा राहिला.

दुसऱ्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा अर्धं गाव आमच्याआधीच कामाला लागलं होतं. अकराव्या पायरीखाली पाणी लागलं. नामदेवराव इतक्या जोरात ओरडले की लिंबावरचे सगळे बगळे उडाले. मुरूम आलाच नाही. त्याऐवजी बारवेभोवती लोखंडी कठडा आला. आता तिथं फेरी जाते तेव्हा कमळाबद्दल, कोनाड्याबद्दल भाऊजी बोलतात. पायऱ्यांपाशी आलं की मात्र मागं सरकून म्हणतात, "इथचं बाई सांगतीन." आणि कौसाबाई सांगतात. एक शब्द कमी करत नाहीत.

यंदा पळस फुलला तेव्हा भाऊजींनी एक नवा प्रकार काढला. सगळ्यांनी डोळे मिटून उभं राहायचं आणि पाखरू बोललं की त्या दिशेला हात करायचा. लोकांना तो खेळ फार आवडला. मलाही आवडला. तिसऱ्या रविवारी मी चुकून डोळे उघडले आणि बघितलं तर भाऊजींचे डोळे उघडेच होते. ते पाखराकडे बघत नव्हते, आमच्या हातांकडे बघत होते. हात जिकडे जात तिकडे ते नजर लावत, पाखरू शोधत आणि मग नाव सांगत. नाव बरोबरच असे. इतकी वर्षं इंजिनाच्या घरघरीत उभ्यानं काढलेला माणूस. बारीक आवाज ऐकू येईनासे कधी झाले, ते त्यांनी घरी मेहुणीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी आमच्या डोक्यावरच्या फांदीत एक शिंजीर बोलत होता, काळानिळा, अंगठ्याएवढा. सगळ्यांचे हात वर गेले. भाऊजींनी वर बघितलं, तो सापडला, त्यांचा चेहरा उजळला. मग माझ्याकडे किंचित झुकून त्यांनी अगदी हळू विचारलं, "मास्तर, कसा बोलून राह्यला आज?"

मी कान दिला. आयुष्यात इतकं लक्ष देऊन मी कधी काही ऐकलं नव्हतं.

"बारीक," मी म्हणालो. "तीनदा बोलतो. थांबतो. मग एकदाच, जरा लांबवून."

भाऊजींनी डोळे मिटले.

"हो," ते म्हणाले. "असाच बोलते थो."