हुशार पेशी

संगणकाच्या पडद्यावर जांभळे ठिपके एका काळ्या डागाभोवती जमले होते, मधल्या सुट्टीत पोरं बोरंवालीभोवती जमतात तसे. "काका, ह्या तुमच्या रक्तातल्या पेशी, आणि मधली ती काळी गाठ," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझ्या टाचेवरच्या तिळाचा कॅन्सर निघाला, म्हणून गाव सोडून मी या परक्या शहरात येऊन राहिलोय. पेशींना हा रोग ओळखायला औषधानं कसं शिकवायचं, या एका गोष्टीत बाईंनी उभा जन्म घातलाय.

"गाठ लहान होतेय हो! हुशार निघाल्या तुमच्या पेशी, पटकन शिकल्या."

मी हात जोडले. डोळे भरून आले. पण खरं सांगतो, आत कुठंतरी जळलोही. सातवीत माझी शाळा सुटली, तेव्हा का आला नाहीस म्हणून विचारायलाही कुणी आलं नाही. अशी जीव लावून शिकवणारी बाई मला भेटलीच नाही. भेटली ती माझ्या रक्तातल्या पेशींना. माझंच अन्न खाऊन त्या हुशार झाल्या, आणि मी आहे तिथंच.

बाई पुढच्या पेशंटकडे वळल्या. मी मात्र पडद्याकडे बघत राहिलो.

"शिका पोरींनो," मनात म्हटलं, "एवढ्यात शाळा सोडू नका."