गळती हाताने तपासू नये

भाऊजी डावखुरे आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्यांच्या डाव्या हाताचं झालं.

सांडोरला आमची वाडी आहे. केळी, थोडी भाजी, विहिरीच्या अंगाला सोनचाफा आणि घरामागे एक जुनी, अवाढव्य चिंच. वाडी पाहतात ते भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर. माझे यजमान नोकरी करून निवृत्त झाले आणि मीही माणिकपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. मी साताऱ्याकडची. या घरात सून म्हणून आले, पण भाऊजींनी मला पहिल्या आठवड्यापासून 'बाई'च म्हटलं. घरात सगळे आपापसांत घरच्या बोलीत बोलतात. माझ्याशी मात्र भाऊजी आजही अगदी शुद्ध बोलतात. त्यात मान किती आणि चेष्टा किती, याचा हिशेब मी कधीच सोडून दिला.

त्यांचा डावा हात ही आमच्या भागात ठाऊक असलेली गोष्ट होती. आंब्याचं कलम बांधताना काडीची साल रोपाच्या सालीला नीट भिडली की नाही, ते डाव्या अंगठ्याने आणि तर्जनीने सांगत, चष्मा न लावता. लोक लांबून कलमं बांधून घ्यायला येत. विहिरीवरून केळीकडे जाणारी पाण्याची नळी फुटली की ते ओणवे होऊन नळीखालून तळवा फिरवत जायचे. गळणारं पाणी वर दिसत नाही, माती पिऊन टाकते, पण तळव्याला ते गार लागतं. इथले सगळेच वाडीवाले गळती अशी शोधतात. भाऊजींना तर नळीच्या सुरुवातीला हात लावला तरी पुढे कुठे काय बिघडलंय ते कळतं, असं लोक म्हणायचे. लोक काय, काहीही म्हणतात. पण मी ते दोनदा खरं झालेलं पाहिलं आहे.

आता यंत्राबद्दल. आमच्या आळीतल्या चार वाड्यांनी मिळून झाडं छाटायचं हायड्रॉलिक यंत्र आणलं. आधी कोयता कमरेला लावून माणसं झाडावर चढायची, भाऊजी स्वतः चढायचे. सत्तरीला टेकलेला माणूस चिंचेच्या शेंड्याला पाहून मी किती वेळा डोळे मिटून घेतले असतील! यंत्र आलं आणि ते चढणं संपलं. जमिनीवर पेट्रोलचं इंजिन, त्याला तेलाचा पंप. तिथून निघालेल्या दोन काळ्या नळ्या, एकीतून तेल जाणार आणि दुसरीतून परत येणार. नळ्यांच्या टोकाला दोन माणसांच्या उंचीएवढा दांडा आणि दांड्याच्या टोकाला पोपटाच्या चोचीसारखी कात्री. खाली खटका दाबायचा, वर चोच मिटते.

पहिल्या दिवशी ती चोच माझ्या मनगटाएवढ्या फांदीवर मिटली तेव्हा मी मागच्या पायरीवर उभी होते. घाव नाही, खटखट नाही. काकडी चिरावी तशी फांदी दोन झाली आणि खाली आली. इंजिन तिथून वीस पावलांवर फटफटत होतं. त्याचा जोर एका बारीक नळीतून, तेलाच्या पाठीवर बसून इतक्या वर चालला होता. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो, हे मी जन्मभर फळ्यावर शिकवलं. लहान दट्ट्या, मोठा दट्ट्या, बाण, पाच गुणांचा प्रश्न. आणि ते खरं असतं हे मला साठी उलटल्यावर, ओल्या केसांना पंचा गुंडाळून मागच्या पायरीवर उभी असताना कळलं. माझ्या अंगावर काटा आला. यजमान म्हणाले, "अगं, यंत्र आहे, गणपती नव्हे." मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते चौघांत वाचणार कोण? बाई. मी ते दोन दिवस बसून वाचलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मराठीत नियम लिहून काढले. शिरस्त्राण आणि चष्मा घालावा. कान झाकावेत. कापायच्या फांदीच्या खाली कधी उभं राहू नये. विजेच्या तारांजवळ यंत्र नेऊ नये. इंजिनपाशी एक माणूस सतत असावा आणि त्याचा हात बंद करायच्या बटणाजवळ असावा. नळ्या जोडण्याआधी दोन्ही तोंडं स्वच्छ फडक्याने पुसावीत, कारण तेलात गेलेला मातीचा एक कण पंप खातो. चोचीला धार लावताना इंजिन बंद असावं. तेल रोज पाहावं. आणि शेवटचा नियम, गळती हाताने तपासू नये, पुठ्ठा वापरावा.

त्या शेवटच्या नियमापुढे पुस्तकात एक चौकट होती, लाल त्रिकोणाची. असं का, ते तिच्यात लिहिलं होतं. ती चौकट मी गाळली. कॅलेंडरवर जागा उरली नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

कागद मी अवजारांच्या खोपीत डकवला. भाऊजींनी तो वाचला आणि एकेक नियम अक्षरशः पाळला. शिरस्त्राण घालून ते पपनसाएवढ्या डोक्याने वाडीत फिरायला लागले तेव्हा शेजारच्या बायका हसून हसून बेजार झाल्या. त्यांनी लक्ष दिलं नाही. फक्त पुठ्ठ्याच्या नियमावर ते एकदा म्हणाले, "हे कशाला बाई? तेल लागलं तर हात धुता येतात." मी म्हटलं, "पुस्तकात आहे." ते म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" आणि मी हसले. समजावून सांगायची वेळ तीच होती, आणि मी हसले.

त्या सकाळी ते घराच्या कौलांवर आलेल्या चिंचेच्या फांद्या काढत होते. यजमान इंजिनपाशी होते. यंत्राची एक तेलाची नळी कित्येक महिने विहिरीच्या दगडी काठावरून ओढली जात होती आणि तिथे ती झिजली होती, हे नंतर कळलं. चोच मिटायला वेळ लागायला लागला. फांदीत अर्धी रुतून ती थांबली. दाब कुठेतरी कमी होत होता. भाऊजींनी दांडा सोडवून खाली ठेवला, इंजिन चालूच राहू द्या अशी खूण केली, कारण इंजिन बंद केलं तर गळतीही थांबते आणि जागा सापडत नाही. मग त्यांनी डाव्या हातातला हातमोजा काढला. हातमोज्यातून काही लागत नाही ना! ओणवे झाले आणि नळीखालून तळवा फिरवत निघाले.

मी मागच्या दारातून पाहिलं आणि ओरडले. त्यांचे कान झाकलेले होते. तो माझाच नियम. मी धावले, हात हलवले, यजमानांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी बटण दाबलं. इंजिन थांबलं आणि वाडीत एकदम कावळे ऐकू यायला लागले. भाऊजी हात झटकत उभे राहिले.

"काही नाही, मुंगी चावल्यासारखं झालं," ते म्हणाले. "सापडली जागा. हे बघा."

नळीवर काहीच दिसत नव्हतं. हातावर तर्जनीच्या मुळाशी एक ठिपका होता, सुईच्या टोकाएवढा. रक्त नाही, सूज नाही. ते हसत होते. त्यांना हळद हवी होती आणि पुन्हा कामाला लागायचं होतं. आणि मला ती चौकट शब्दन् शब्द आठवत होती. असल्या छिद्रातून तेल इतक्या जोराने निघतं की डोळ्यांना दिसत नाही आणि कातडी त्याला अडवू शकत नाही. जखम टाचणीची दिसते, आत तेल हातभर पसरतं. दुखत नाही म्हणून थांबू नये. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर हात जाऊ शकतो.

मी त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत मी त्यांना वाकून नमस्कार केला होता, हात कधी धरला नव्हता. ते माझ्याकडे बघतच राहिले. मी म्हटलं, "भाऊजी, आत्ता निघायचं. कपडे बदलू नका." ते यजमानांशी बोलीत काहीतरी पुटपुटले. नक्कीच माझ्या डोक्याबद्दल असणार. पण माझ्या आवाजात तेव्हा सातवीच्या वर्गाला गप्प करणारी बाई आली होती, तिच्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. मी घड्याळात पाहून वेळ माझ्या तळहातावर पेनाने लिहिली, तेलाचा डबा आणि पुस्तक पिशवीत टाकलं आणि रिक्षा थांबवली.

पहिल्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, काटा असेल, धनुर्वाताचं इंजेक्शन देतो, उद्या दाखवा. मी पुस्तक उघडून लाल त्रिकोण त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्या तरुण माणसाचं मला आजही कौतुक वाटतं, कारण त्याने ते वाचलं, पुन्हा हात पाहिला आणि मला शहाणपणा शिकवू नका असं न म्हणता थेट फोन उचलला. तोवर भाऊजींची तर्जनी फिकट पडली होती आणि गार लागत होती. ते आता हसत नव्हते. महामार्गाकडच्या मोठ्या इस्पितळात जाताना त्यांनी एकदाच विचारलं, "बाई, हात राहील ना?" मी हो म्हटलं. मला ठाऊक नव्हतं.

हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, तेल कुठलं आणि किती वाजता. मी डबा दिला आणि माझा तळहात दाखवला. त्या म्हणाल्या, "बरं केलंत." आणि आत गेल्या.

संध्याकाळी त्या बाहेर आल्या आणि त्यांनी मला फोनवर एक चित्र दाखवलं, बघवेल का असं आधी विचारून. मी म्हटलं, मी शरीरशास्त्र शिकवलंय. काय शिकवलं होतं मी! तर्जनीपासून मनगटापर्यंत हात उघडलेला होता. आत पांढऱ्या, चकचकीत दोऱ्या, प्रत्येक बोटाची वेगळी, आपापल्या पन्हळीत नीट बसलेल्या. मातीतली गळती शोधणारा, कलमं जगवणारा तो हात आतून इतका सुबक होता आणि त्याच पन्हळींतून तेल मनगटापर्यंत पोहोचलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "तेलाने तयार वाट धरली." सुईच्या टोकाएवढ्या दारातून, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी इस्पितळाच्या त्या बाकावर हात जोडले. कोणाला जोडले ते मला सांगता येणार नाही. त्या रचनेला, त्या तेलाच्या जोराला की त्या पोरसवदा डॉक्टरला. भीतीही होती त्यात, खोटं कशाला बोलू?

दोन दिवसांनी हात पुन्हा उघडून आतून धुवावा लागला. नंतर महिनोन् महिने व्यायाम. हात राहिला. तर्जनी पूर्ण मिटत नाही आणि तिच्या टोकाला काही कळत नाही, गरम नाही, गार नाही. कलम बांधायला बसले की काडी निसटते. लोक अजून येतात. भाऊजी त्यांना चहा पाजतात आणि परत पाठवतात. उजव्या हाताला शिकवताहेत, पण उजवा हात ढ आहे असं तेच म्हणतात.

यंत्र आम्ही टाकलं नाही. चिंच काही वाढायची थांबत नाही. दोन्ही नळ्या नव्या घेतल्या, त्या आता दगडावरून ओढत नाहीत, त्यांच्याखाली फळी टाकतात. दर वेळी सुरू करण्याआधी नळीवर कुठे फुगवटा, चीर, घासलेली जागा आहे का ते इंजिन बंद ठेवून डोळ्यांनी पाहतात. शंका आली तर इंजिन चालू करून लांब काठीला बांधलेला पुठ्ठा नळीच्या बाजूने फिरवतात. पहिल्यांदा तो प्रयोग केला तेव्हा मी जुनी, झिजलेली नळीच जोडायला लावली आणि सगळ्यांना लांब उभं केलं. पुठ्ठ्यावर नुसताच एक काळा डाग उमटला आणि मग तिथे आरपार भोक पडलं. नळी आणि पुठ्ठा यांच्यामध्ये कोणालाही काही दिसलं नव्हतं. इंजिन थांबवून, नळीतला दाब मोकळा करून यजमानांनी ती काढली आणि कोयत्याने तिचे तुकडे केले, पुन्हा कोणी वापरू नये म्हणून.

त्या दुपारी मी नियम नव्याने लिहिले, या वेळी दोन मोठ्या कागदांवर, आणि प्रत्येक नियमाखाली कारण लिहिलं. भाऊजी खोपीत आले. चष्मा लावून त्यांनी दोन्ही कागद सावकाश वाचले. शेवटच्या नियमाखालचं कारण त्यांनी पुन्हा वाचलं.

"हे कारण पुस्तकात तेव्हाही होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"मग तेव्हा का नाही लिहिलंत?"

जागा नव्हती, असं तोंडावर आलं होतं. पण त्यांनी डावा हात उजव्या हातात धरला होता आणि तो हात पाहून मला खोटं बोलवेना.

"मला वाटलं, करू नका एवढं सांगितलं की तुम्हाला पुरेल," मी म्हणाले.

"नाही पुरलं," भाऊजी म्हणाले.