बाबांशी बोलणारं कोणीतरी

शाळेतली मुलं मराठीच्या बाईंना पाठीमागे ‘स्वल्पविराम’ म्हणायची. निबंधात स्वल्पविराम चुकला की बाई तिथेच अडून बसायच्या, मग पुढचं पानभर लिखाण कितीही सुरेख असो. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. वर्गात मात्र तोंडावर बोलायची कोणाची टाप नव्हती.

मग साथ आली, शाळेला कुलूप लागलं आणि वर्ग बाईंच्या घरात शिरला. आतल्या खोलीत नेटवर्क मिळत नव्हतं, म्हणून लॅपटॉप बाहेरच्या खोलीत, शिवणयंत्राच्या फळीवर. त्याच खोलीत बाबांची खाट होती. बाईंचे वडील अर्धांगवायूचा झटका आल्यापासून अंथरुणाला खिळले होते. सगळी भाषा गेली होती, फक्त ‘बरं का’ एवढंच उरलं होतं. तहान लागली तरी ‘बरं का’, कूस बदलायची असली तरी ‘बरं का’. लेकीला नुसत्या सुरावरून कळायचं.

पडद्यावर मुलं कुठली, नुसते काळे चौकोन. एरवी बाईंसमोर मान वर न करणारी हीच मुलं आता हजेरी दिली की गडप व्हायची. प्रश्न विचारला की सगळ्यांचे माइक एकदम बिघडायचे, आणि कविता रंगात आली की कोणाच्या तरी घरातून हटकून शिट्टी यायची. एकदा शिकवता शिकवता बाबांची हाक वर्गाला ऐकू गेली. लगेच लॅपटॉपमधून तस्संच घोगरं, ओढलेलं उत्तर आलं, “बरं काऽऽ.”

चौकोनांमधून हशा उसळला. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी खोट्या नावाने शिरलेल्या त्या पोराला वर्गाबाहेर काढलं, तर ते दुसऱ्याच खोट्या नावाने परत आलं आणि पुन्हा तेच. बाई लॅपटॉप मिटायला गेल्या, तेवढ्यात मागे आवाज झाला म्हणून वळून पाहिलं. बाबा हसत होते. अर्धा चेहरा हलत नव्हता, उरलेल्या अर्ध्याने हसत होते. झटका आल्यापासून कोणी त्यांना त्यांच्याच शब्दांत उत्तर दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा तासाची वाट बघू लागले. एकदा बाईंनी सगळ्यांचे माइक बंद ठेवले. बाबांनी हाका मारल्या, थांबले, पुन्हा मारल्या आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी घास तोंडात घेतला नाही. पुढे बाईंनी माइक उघडेच ठेवले. स्वल्पविराम न सोडणाऱ्या या बाईने बापाची टिंगल रोज कानांनी ऐकली आणि ओठ मिटून पुढचं कडवं घेतलं. पालकांच्या तक्रारी शाळेकडे गेल्या. वर्ग हाताबाहेर गेलाय, असं मुख्याध्यापिकाबाईंनी फोनवर सुनावलं. बाईंनी ऐकून घेतलं. सांगणार तरी काय?

सुट्टी लागली तसा तो आवाज थांबला. बाबा मिटलेल्या लॅपटॉपला हाका मारत राहिले, आणि सुट्टीतच गेले.

शाळा उघडली तेव्हा मुलं जणू धुऊन वाळवून आणलेली. बाई आत आल्या की सगळी ताडकन उभी. वर्गप्रमुख मुलगी पुढे आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, की बाबांचं कळलं, सगळ्या वर्गाला फार वाईट वाटलं. मुख्याध्यापिकाबाई खूश झाल्या. समोर बसली की मुलं कशी गुणी असतात, म्हणाल्या. बाई एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत होत्या. यातलं कोण?

त्याच आठवड्यात कळलं. मधल्या सुट्टीत नळापाशी घोळका हसून हसून लोळत होता. मधोमध ती वर्गप्रमुख, तोंड वाकडं करून, तोच सूर काढत होती. बाई दिसताच घोळका पांगला. ती मात्र जागची हलली नाही. चेहरा सरळ करून उभी राहिली.

“तो आवाज तुझा होता?” बाईंनी विचारलं.

“नाही बाई. माझा माइक बंदच असायचा.”

“मी रागावणार नाही. ते तुझी वाट बघायचे, एवढंच सांगायचं होतं.”

“सॉरी बाई, पण मी नव्हते.” पापणीही लवली नाही. “जाऊ मी?”

बाईंनी मान हलवली. बाबांच्या आयुष्यातलं शेवटचं सुख या पोरीने दिलं होतं, आणि ते देताना तिला त्याचा पत्ताही नव्हता. आता कळलं होतं, तरी ते तिला नको होतं. आभार मानावेत तर ते घ्यायलाही समोर कोणी नव्हतं.

पालकसभेला त्या मुलीची आई आली. साधी, थकलेली बाई. लेक घरी चकार शब्द बोलत नाही, दिवसभर दार लावून असते, म्हणाली. मग जरा ओशाळून विचारलं, “वर्गात तरी बोलते का हो?”

“बोलते,” बाई म्हणाल्या. “छान बोलते.” आणि त्यांनी पुढच्या पालकांना हाक मारली.