सुतकातला बाजार

शिक्षकबंधूंनो, आपल्या या फिरत्या वहीत मी सहसा लिहीत नाही. आज लिहितो.

माझी पत्नी जाऊन आज सहावा दिवस. शाळा तपासायला डेप्युटीसाहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी निरोप धाडून मला भाटघरच्या घरून शाळेत बोलावले. पहिलीच्या मुलांनी वर्गात मातीच्या भाज्यांचा बाजार मांडला होता. मी चिमीकडे वांगे मागितले. तिने ते जमिनीवर ठेवले.

"हातात दे की गं."

"न्हाई गुरुजी. हेडमास्तर म्हनले, तुमास्नी सुतक हाय, शिवायचं न्हाई."

साहेब म्हणाले, "बाजार झकास!" हेडमास्तर हसले.

चिमीवर माझा राग नाही. ही वही उद्या हेडमास्तरांकडे जाईल. निरोप धाडताना माझे सुतक कुठे होते, ते त्यांनी याच पानावर लिहावे. तुम्ही सगळे वाचालच.