श्रावण पाळणारा नवरा आणि न फोडलेल्या गोळ्या

"याला इरेक्टाइल डिसफंक्शन म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे पुरुषाच्या इंद्रियाला पुरेसा ताठरपणा न येणं, किंवा आला तरी न टिकणं. तेही एखाद्या वेळी नव्हे, महिनोन् महिने. दाढ किडली आहे असं सांगावं तितक्या सहज त्यांनी हे सांगितलं. आमचे हे फरशीकडे बघत होते. आणि मी? बाईंच्या नाकातल्या चमकीकडे बघत मी विचार करत होते, ही यांना आधीपासून ओळखत तर नाही ना!

इतकी संशयी होते मी. आता नातवंडं झाली, लाज उरली नाही, म्हणून लिहिते. माझ्यासारखी एखादी आत्ताही नवऱ्याचे शर्ट हुंगत बसली असेल, तिच्यासाठी.

यांची पन्नाशी नुकतीच उलटली होती. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. जन्मात एक उपास न केलेला हा माणूस एके दिवशी म्हणाला, "अगं, यंदा मी श्रावण पाळणार. बाहेरच्या खोलीत झोपतो."

मी भोळी. कौतुकाने जाऊबाईंना फोन केला. आठवडा गेला असेल नसेल, यांचा डबा घासायला घेतला तर तळलेल्या बांगड्याचा वास! यार्डातल्या उरणच्या मित्राने दिला म्हणे. म्हणजे श्रावणात मासे चालू, बायको तेवढी बंद.

श्रावण संपला, पितृपक्ष आला. मग नवरात्र. दिवाळीत यांची कंबर धरली. मार्गशीर्षात पुन्हा व्रत. देवांनाही पुरे झालं असेल.

मग माझा तपास सुरू झाला. मोबाइलवरचे मिस्ड कॉल बघायचे. कॉलर तपासायची. उशीर झाला की हे म्हणायचे, पळस्पे फाट्यावर ट्रेलर अडकले होते. जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "रोज ट्रेलरच अडकतात का गं, की भाऊजी अडकतात कुठे?" त्या हसल्या. मी मात्र रडले.

आणि एकदा धुवायच्या पँटच्या खिशात गोळ्यांची स्ट्रिप सापडली. निळ्या गोळ्या, एकही न फोडलेली. पदर डोक्यावर घेऊन मी एसटी स्टँडपलीकडच्या, ओळख नसलेल्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदार कानापर्यंत लाल झाला. "काकू, ही... पुरुषांची गोळी असते."

झालं! घरी व्रत आणि बाहेर गोळ्या. स्ट्रिप यांच्यापुढे आपटली. "तुझ्यासाठीच आणल्यात," हे पुटपुटले. माझा कुठला विश्वास बसायला! म्हटलं, चला डॉक्टरकडे, तिथेच खरं-खोटं होऊ दे. दवाखाना म्हणजे मला पोलीस चौकी वाटली असावी.

वेटिंग रूममध्ये समोरच गल्लीतली बाई बसलेली. "यांच्या पायाला मुंग्या येतात," मी न विचारताच सांगितलं.

आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्रास एकदम सुरू झाला की हळूहळू? पहाटे जाग येताना ताठरपणा असतो का? तो येत असेल तर कारण बऱ्याचदा मनात असतं. ताण, भीती, भांडण. तोही येईनासा झाला असेल तर शरीरात शोधावं लागतं. सिगरेट, दारू, बीपी, शुगर, चालू औषधं. मग सहज विचारल्यासारखं, "छातीत काही होतं का?"

हे फरशीकडेच बघत म्हणाले, "जिना चढताना छाती भरून येते. कंपनीच्या डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिलीय."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"ही निळी गोळी घेतलीत?"

"नाही. घेणार होतो."

"ती जिभेखालची गोळी आणि ही निळी गोळी एकत्र झाल्या तर बीपी एकदम कोसळतं. माणूस जाऊ शकतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या जागच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात. बिघाड पुष्कळदा आधी तिथे दिसतो."

तरी तपासण्यांची यादी बघून मनात आलंच, कमिशन असणार. उपाशीपोटी रक्त, जेवून रक्त, कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन, ईसीजी. रिपोर्ट आले. शुगर एवढी चढलेली की माझं कमिशन तोंडातल्या तोंडात विरलं. पुढे अँजिओग्राफी, म्हणजे नळी घालून हृदयाच्या वाहिन्यांचं चित्र काढणं. एक वाहिनी जवळजवळ बंद होती. तिथे स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी बसवायची ठरली.

आत नेण्याआधी यांनी माझा हात धरला. म्हणाले, "तू हसशील असं वाटलं. त्यापेक्षा श्रावण बरा."

बाहेरच्या बाकावर बसले आणि प्रथमच माझ्या संशयातली ती दुसरी बाई मला छळेना. वाटलं, असेल तर असू दे कुठे ती, पण हा माणूस चालत बाहेर येऊ दे.

आला. सिगरेट सुटली, शुगर आवरली, सकाळचं चालणं सुरू झालं. बरेच महिने गेले. जिभेखालची गोळी लागेनाशी झाल्यावर हृदयाच्या डॉक्टरांनी ती बंद केली आणि मगच, त्यांना विचारून, बाईंनी ती दुसरी गोळी बेताच्या डोसात लिहून दिली. सगळ्यांना गोळी चालतेच असं नाही. कुणाला समुपदेशन लागतं, कुणाला पंप किंवा इंजेक्शन. पण भिंतीवरच्या जाहिरातीतली चूर्णं आणि मित्राने सुचवलेल्या गोळ्या नकोत. आधी छाती आणि शुगर दाखवा.

बायांनो, नवरा बाहेर झोपायला लागला तर संशय जरूर घ्या. मी घेतला नसता तर हे त्या गोळ्या घेऊन बसले असते. फक्त आरोपी म्हणून नाही, आजारी म्हणून दवाखान्यात न्या. आणि तुम्ही पुरुषांनो, बायको हसेल या भीतीने मरू नका. हसली तर हसू दे.

मी हसलेच. एका रविवारी दुपारी हे उठले, दाराला आतून कडी घातली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "डॉक्टर हो म्हणाल्यात." मला इतकं हसू लोटलं की उशी तोंडावर धरावी लागली. मग हेही हसायला लागले. पुढचं लिहीत नाही, थोरली नात आता मराठी वाचायला लागलीय.