जुबैदाखालांच्या हौदाचं अस्तर

चांगदेव भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, चंद्राताईचे यजमान. राहनाळच्या गोदामांमागे त्यांचं ताडपत्रीचं दुकान. ट्रकवर घालायच्या ताडपत्र्या बनवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्यांनी स्वतःच गावभर सांगून ठेवलं होतं. 'चुकलो' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. कालवणात मीठ जास्त पडलं तर मीठच यंदा खारट निघालेलं असायचं. मी शाळामास्तर, दुसऱ्यांच्या चुका काढण्यावरच पोट भरणारा. पण या माणसापुढे मी केव्हाच हात टेकले होते.

एकोणनव्वदच्या एप्रिलात रहमतुल्ला शेठचा निरोप आला. शेठचे भिवंडीत लूम, मोठा बंगला आणि बंगल्यामागे पोहण्याचा हौद. हौदाला आतून निळं प्लॅस्टिकचं अस्तर होतं, त्यांच्या भावाने कुवेतहून पाठवलेलं. ते फाटलं आणि पाणी ठरेना. पोरांचं पोहणं बंद झालं याचं कुणाला काही नव्हतं. पण शेठच्या आईचे, जुबैदाखालांचे, गुडघे गेलेले. जमिनीवर दोन सुनांच्या आधाराशिवाय त्या पाऊल उचलत नसत, आणि छातीभर पाण्यात त्या एकट्या चालायच्या. हौद कोरडा पडल्यापासून खाला कुणाशी धड बोलत नव्हत्या.

"त्यात काय हाय?" भावोजी म्हणाले. "ट्रकला बाहेरून घालतो, हौदाला आतून घालायचं."

टेपचं दुसरं टोक धरायला मला नेलं. एका कोपऱ्यात पायऱ्या होत्या, त्यांचंसुद्धा बोटाबोटाचं माप घेतलं. माल चांगला आणला. एका अंगाने गुळगुळीत निळा, दुसऱ्या अंगाने राखाडी कापड. आठ दिवस खपून जोड चिकटवले. मग चार माणसांनी अस्तर हौदात सोडलं, पायऱ्यांवर बरोब्बर बसवलं, आणि मी विचारलं, "भावोजी, निळं कुठंय?"

निळं सिमेंटकडे तोंड करून बसलं होतं. तीस वर्षं पाऊस बाहेरून येणार म्हणून चांगली बाजू बाहेर ठेवायची, तीच सवय हातांनी इथंही चालवली होती. पायऱ्या एकाच कोपऱ्यात, अस्तर उलटवलं तर त्यांचा आकार दुसऱ्याच कोपऱ्यात गेला असता, त्यामुळे नुसतं उलटवूनही भागणार नव्हतं. नवंच करावं लागलं असतं.

भावोजींनी वाकून राखाडी कापडावर हात फिरवला. मग म्हणाले, "मुद्दाम केलंय! कापडावर पाय सरकत न्हाय. म्हाताऱ्या माणसाला गुळगुळीत कशाला?"

शेठ खूश. टँकर दारात उभाच होता. पाणी भरलं, सुनांनी खालांना कडेपर्यंत आणलं. खाला म्हणाल्या, "ज्यानं केलं त्यानंच धरावं." भावोजी पँटशर्टासकट पाण्यात उतरले.

खालांनी एक पाऊल टाकलं, मग दुसरं.

"काय घट्ट बसतोय पाय!" त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी हौदाचा विचार केला, या पोरानं माझ्या पायाचा केला."

पन्नाशीच्या पोराचं सगळ्यांनी कौतुक केलं. शेठने तर त्यांच्या अकलेची तारीफ तीनदा केली. एरवी भावोजी अशा वेळी छाती पुढे काढत. आज ते पाण्याकडे बघत राहिले. खाला पुढचं पाऊल टाकणार, तेवढ्यात ते म्हणाले,

"खाला, थांबा. चुकलं माझं."

मला वाटलं, माझ्या कानांचंच काहीतरी बिघडलं.

"मुद्दाम न्हाय केलं. उलटं बसलंय. या कापडावर महिन्याभरात शेवाळ धरंल, मंग तुमचा पाय सरकंल. नवं करून देतो. माझ्या पदरचं."

शेठचा चेहरा पडला. सुना एकमेकींकडे बघू लागल्या. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला, आणि हे कबूल करायला मला आजही जड जातं.

खालांनी शांतपणे विचारलं, "महिना म्हणालास ना?"

"हां."

"मंग महिनाभर चालते मी. तवर तू सुलटं कर. आता हात सोड माझा."

भावोजींच्याने हात सोडवेना. शेवटी खालांनीच तो सोडवून घेतला आणि त्या पलीकडच्या कडेकडे एकट्या चालू लागल्या.